जब्बार कासिम, रिंगास्किडी

रिंगास्किडीच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत शेवटून दुसरं घर सुआदचं. त्या घरात सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नळ सोडायचा नाही, किटली लावायची नाही, शिंक आली तरी दाबून धरायची. त्या वेळी रेडिओवर डॉनल मेलेल्यांची नावं वाचत असतो.

आयर्लंडात ही रीतच आहे. बातम्या झाल्या, हवामान झालं, की गावचा रेडिओ काल-परवा कोण गेलं ते सांगतो. आधी नाव, लगेच गाव, मग कुणाचा नवरा किंवा कुणाची आई, मयत कुठे ठेवलंय, दफन किती वाजता. लोक ऐकतात, कोट चढवतात आणि जातात. खाडीकाठच्या चार गावांचं मिळून असं एक चिमुकलं केंद्र आहे, शेजारच्या गावात जुन्या शाळेच्या माडीवर. डॉनल निवृत्त पोस्टमन, तिथे हौसेने येतो. आवाज असा, की गेलेल्या माणसालाही वाटावं, चला, आपलं सगळं नीट पार पडलं.

सुआद बसऱ्याची. आपल्याकडे सराफाच्या पेढीवर मोत्यांपायी ज्या गावाचं नाव निघतं, तेच बसरा. इराकात माणसांचे जीव स्वस्त झाले तेव्हा, सतरा वर्षांपूर्वी, नवरा जब्बार आणि मुलगा हैदर यांच्यासोबत ती इथे आली. जब्बार बसऱ्याच्या बंदरावर वायरलेस ऑपरेटर होता. जहाजांशी बोलणं हे त्याचं काम, आणि त्यापायी माणसांशी बोलायची सवय बहुतेक गेलेली. इथे त्याला औषधाच्या कारखान्याच्या गोदामात पेट्या हलवायचं काम मिळालं. ते त्याने मुकाट्याने केलं, आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या शेडमध्ये तो बिघडलेले रेडिओ उघडून बसू लागला. आधी गल्लीतले रेडिओ आले, मग गावातले, मग खाडीपलीकडचेही. इथली म्हातारी माणसं रेडिओला अजून वायरलेस म्हणतात. त्यांनी जब्बारचा जॅक केला आणि जॅकचा ‘जॅक द वायरलेस’. आयर्लंडात टोपणनाव पडलं की माणूस गावच्या खात्यात जमा झाला. निदान सुआदला तसं वाटत होतं, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा?

तिला इंग्रजी शिकवलं ते डॉनलने, त्याच्या नकळत. रोज तीच वाक्यं, तोच क्रम, नावं तेवढी नवी. शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर मिळणार नाही. फक्त त्यामुळे तिचं इंग्रजी जरा मयताच्या वळणाचं झालं. बस वेळेवर मिळाली की ती सांगे, डॉनल गेलेल्यांबद्दल सांगतो तशी ‘पीसफुली’ मिळाली.

कधी कधी सूचनेच्या शेवटी डॉनल म्हणे, ‘हाउस प्रायव्हेट.’ म्हणजे घरी येऊ नका, दफनालाच या. सुआदला वाटलं, घर कौन्सिलचं नाही, स्वतःच्या मालकीचं आहे, हे सांगतायत. मेल्यावरही घराची फुशारकी, कमाल आहे या लोकांची, असं ती जब्बारला म्हणालीसुद्धा. चार घरं सोडून राहणाऱ्या मिसेस टूमींचा नवरा गेला आणि ‘हाउस प्रायव्हेट’ जाहीर झालं, तेव्हा ही बाई खजूर भरून भाजलेल्या क्लेचा बिस्किटांचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभी. मिसेस टूमींनी दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तिला हाताला धरून आत नेलं. आत फक्त घरचीच माणसं होती. त्यांच्यात तिला दोन तास बसवून घेतलं, चार कप चहा पाजला.

आत येणारा प्रत्येक नातेवाईक मिसेस टूमींचा हात हातात घेऊन म्हणत होता, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’ सुआदला शब्द कळले, अर्थ आपला आपण लावला. तिला वाटलं, माणूस गेला की त्याच्या घरी येऊन लोक आपण दिलेल्या त्रासाची माफी मागतात. केवढी शहाणी रीत. मग तीही तेच म्हणाली, आणि आपण टूमींना काय बरं त्रास दिला, हे आठवून पाहिलं. एकदा कचऱ्याचा डबा त्यांच्या गाडीच्या वाटेत राहिला होता. तेवढ्याची तिने मनापासून माफी मागितली. पुढे कधीतरी जब्बारने खरा अर्थ सांगितला: तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं, बस, इतकंच. सुआद जरा हिरमुसली. तिचा अर्थ जास्त चांगला होता.

त्यानंतर गावातलं एक मयत तिने चुकवलं नाही. पाऊस असो, वारा असो, जब्बार काळा कोट घालून पुढे आणि ही ताट घेऊन मागे.

पाच वर्षांपूर्वी गल्लीतल्या शेवटच्या घरात राजस आणि त्याची आई सुलक्षणाबाई राहायला आले. नागपूरची माणसं. राजस कारखान्यात ऑटोमेशनचं काम करतो. सुलक्षणाबाई घर, खिडकी आणि फोनवरच्या मालिका सांभाळतात. दोघी बायकांचं इंग्रजी एकत्र केलं तर जेमतेम एकीपुरतं होईल. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता सुआदने छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘आम्ही इथे गरीब.’ अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. सुलक्षणाबाई तडक घरी गेल्या आणि पाच किलो तांदूळ, तुरीची डाळ आणि डबाभर लाडू घेऊन आल्या. खुलासा व्हायला दोन दिवस लागले. तेव्हापासून दोघींना सारखे शब्द शोधायचा नादच लागला. साबण तिकडेही साबण, खबर तिकडेही खबर, हक्क तिकडेही हक्क. सुआद त्यांना ‘उम्म राजस’ म्हणते, राजसची आई. अरबांत आईला मुलाच्या नावाने हाक मारणं हा मान. सुलक्षणाबाईंनाही ते आवडलं. त्या तिला सुआदताई म्हणतात.

आता ओर्ला. ही रेडिओ केंद्राची व्यवस्थापक. वाईट बाई नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं. दोन वर्षांपूर्वी ती एक छापील फॉर्म घेऊन सुआदकडे आली होती. अरबी बोलणारी माणसं काय ऐकतात, काय पाहतात, याची पाहणी चालली होती. अरबी वाहिन्या रोज किती वेळ? सुआद म्हणाली, संध्याकाळी दोन तास, फोनवर बसऱ्याची वाहिनी. आयरिश रेडिओ किती वेळ? सुआदने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘पाच मिनिटं. नऊ दहा ते सव्वानऊ.’ ओर्लाने पाच लिहिलं. त्या पाच मिनिटांत काय असतं, हे विचारायला फॉर्मवर चौकोन नव्हता. सुआद आपण होऊन सांगू लागली, तर ओर्ला म्हणाली, ‘ग्रँड, ग्रँड,’ म्हणजे इथल्या बोलीत ठीक, ठीक, आणि पान उलटलं. जाताना तिने सुआदचा रेडिओ मांडीवर घेतलेला एक फोटो काढून नेला.

पाहणीतून निष्कर्ष निघाला, की वयस्क अरबी बायका स्थानिक माध्यमांपासून तुटलेल्या आहेत. दोन तास विरुद्ध पाच मिनिटं, गणित तर बरोबरच होतं. रोज तासन् तास गाण्यांचा रेडिओ लावून एकाही शेजाऱ्याच्या मयताला न जाणारी माणसं या गणितात जोडलेली, आणि ही तुटलेली. मग त्या तुटलेल्यांसाठी शनिवारी दुपारी चार वाजता अर्ध्या तासाचा अरबी कार्यक्रम सुरू झाला, ‘नवे आवाज.’ शहरातून एक कॉलेजचा पोरगा येऊन बातम्या वाचतो आणि गाणी लावतो. सुआदने एकदा ऐकला. त्यात गावातलं कोण गेलं ते काहीच नव्हतं, म्हणून पुन्हा लावला नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत जब्बार गेला. हृदय, तीन दिवस इस्पितळ, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. हैदर आता स्वीडनमध्ये मालमोला राहतो, तो तिथून त्याच संध्याकाळी पोचला. मशिदीतल्या चौघांनी जब्बारला आंघोळ घातली, कफन गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दफन झालं. त्यांच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. पण त्याआधी सकाळीच सुआदने हैदरला बसवून रेडिओ केंद्राला ईमेल करायला लावला होता. मजकूर तिने तोंडाने सांगितला, एकही शब्द न अडखळता. सतरा वर्षांची तालीम होती.

मग तीन दिवस दार उघडं ठेवून ती बसली. शोकाचे तीन दिवस घर उघडं ठेवायचं आणि येईल त्याला कडू कॉफी द्यायची, ही बसऱ्याची रीत. तिने चाळीस पेले मांडले. राजसकडून खुर्च्या आणल्या. क्लेचाची तीन ताटं भाजली. मशिदीतली माणसं आली, राजस आला, सुलक्षणाबाई तर तिथून हलल्याच नाहीत. गावातलं कुणी म्हणता कुणी आलं नाही. उघड्या दारातून बंदरावरचा वारा तेवढा येत होता.

तिसऱ्या दिवशी हैदरने उरलेले पेले कपाटात ठेवले आणि म्हणाला, ‘आई, हे लोक असेच असतात. तू उगाच सगळ्यांच्या दारात जात राहिलीस.’ रात्रीच्या विमानाने तो परत गेला. सुआदला नवरा गेल्याचं दुःख होतंच, ते कळण्यासारखं होतं. पण मुलाचं हे वाक्य तिच्या मनातून जाईना. तो म्हणतो ते खरं असेल, तर सतरा वर्षं आपण कोण होतो? बिनबोलावता येणारी ताटवाली बाई?

सहाव्या दिवशी दुकानात मिसेस टूमी भेटल्या.  हळूच म्हणाल्या, ‘कुणाकडून तरी कानावर आलं. पण रेडिओवर काही आलं नाही ना. आम्हाला वाटलं, तुम्हाला शांतपणे करायचं असेल. तुमच्यात तशी पद्धत असेल.’

सुआदने दुधाची बाटली होती तिथे परत ठेवली, आणि तशीच बस पकडून शेजारच्या गावी गेली.

जुन्या शाळेच्या जिन्यात शिरताच समोर भिंतीवर तिला ती स्वतःच दिसली. मोठा फोटो, मांडीवर रेडिओ, खाली ठळक अक्षरं: हे केंद्र सर्वांचं. मांडीवरचा तो रेडिओ जब्बारने दुरुस्त केलेला होता. ती फोटोसमोर थांबली नाही. तिला भीती होती, की आपण थांबलो तर तो काढून पायाखाली घेऊ.

ओर्लाने तिला मिठी मारली, चहा दिला, डोळ्यांत खरंच पाणी आणलं. मग समजावलं. मृत्यूच्या सूचना फक्त अंडरटेकरकडून येतात, म्हणजे दफनाची व्यवस्था करणाऱ्या नोंदलेल्या दुकानाकडून. पूर्वी कुणीतरी जिवंत माणसाची थट्टेने सूचना दिली होती, तेव्हापासूनचा नियम. ‘तुमच्याकडे अंडरटेकर नव्हता ना, सुआद. पण मी ईमेल फेकून दिला नाही हं. मी तो शनिवारी ‘नवे आवाज’मध्ये वाचायला लावला. अरबीत. फार सुंदर वाचला त्याने. तुमच्या समाजापर्यंत पोचला.’

‘माझा समाज कोणता?’ सुआदने विचारलं.

ओर्लाने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

‘मिसेस टूमींना अरबी येत नाही,’ सुआद म्हणाली. ‘पोस्टातल्या जॉनला येत नाही. जब्बारने ज्यांचे रेडिओ दुरुस्त केले, त्यातल्या एकालाही अरबी येत नाही. तू माझ्या नवऱ्याची खबर कुणाला सांगितलीस?’

‘नियम मी नाही केला, सुआद.’

नियम हे भारी सोयीचं भांडं. त्यात काय मावतं ते झाकण धरणारा ठरवतो. त्या जिवंत माणसाची थट्टा केली ती गावातल्याच कुण्या टवाळाने, आणि तिचं प्रायश्चित्त घ्यायचं जब्बारने. शिवाय नियम मोडायचा नाही, पण अरबीत तीच सूचना अंडरटेकरवाचून चालते. म्हणजे नऊ दहाला खोटं मरण चालत नाही, शनिवारी चारला चालतं. तिथे कोण मेलं नि कोण जगलं, याची खातरी करायची कुणाला गरज वाटली नव्हती. हे सगळं सुआदच्या डोक्यात एका क्षणात आलं. इंग्रजीत मात्र यायला वेळ लागला असता, म्हणून ती उठली.

घरी न जाता ती थेट सुलक्षणाबाईंकडे गेली. राजस नुकताच कारखान्यातून आला होता. तिची हकीकत ऐकता ऐकता सुलक्षणाबाईंचा पोळी लाटणारा हात थांबला.

‘ऐकतो का रे? मेलेल्या माणसाला वेगळ्या पंगतीत बसवून राहिले हे लोक,’ त्या राजसला म्हणाल्या. ‘तक्रार करा म्हणावं. तक्रार! सोडायचं नाही बिलकूल.’

‘आई, पॉलिसी आहे त्यांची, लगेच काही होणार नाही. पण रेग्युलेटरकडे कम्प्लेंट टाकता येते ऑनलाइन. मी ड्राफ्ट करून देतो, ग्रँड. एक-दोन महिने तरी लागतील.’

‘दोन महिने? तेव्हा वाचून काय उपयोग? तक्रार आजच्या आज झाली पाहिजे.’

मराठी सगळं सुआदच्या डोक्यावरून गेलं. एक शब्द मात्र तिने झेलला. तकरार. हा शब्द आपला आहे. आणि उम्म राजसने तो दोनदा, पोळपाटावर लाटणं आपटून म्हटला होता. तिने मान हलवली. शेजारणीचा सल्ला तिला शंभर टक्के पटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता तिने केंद्राला फोन लावला. ओर्लाने उचलला. सुआद म्हणाली, ‘मृत्यूच्या सूचनांसाठी,’ आणि डॉनलच्या चालीवर, जिथे तो थांबतो तिथे थांबत, पूर्ण मजकूर म्हटला. ‘जब्बार कासिम, रिंगास्किडी, आणि पूर्वी बसरा. जॅक द वायरलेस म्हणून सर्वांच्या ओळखीचा. सुआदचा प्रिय नवरा, हैदरचा बाप. दफन झालं आहे. हाउस नॉट प्रायव्हेट.’ मग थँक यू म्हणून फोन ठेवला. नऊ दहाला ऐकलं. दोन नावं वाचली गेली, त्यात जब्बार नव्हता.

तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. ओर्ला ‘सुआद, ऐक ना’ म्हणे, ही मजकूर संपेपर्यंत ऐकत नसे. मग फोन दुसरीच कुणी मुलगी उचलू लागली. सुआदने तिलाही म्हणून दाखवला. आवाज चढवला नाही, रडली नाही, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. रविवारी केंद्र बंद असतं, तर आन्सरिंग मशीनला म्हणून दाखवला.

आठवड्याने राजसने कागद तयार करून आणला आणि सही मागितली. ‘कम्प्लेंट रेडी आहे, सुआद आंटी.’

‘ती तर मी रोज करते,’ सुआद म्हणाली. ‘तकरार. उम्म राजसने सांगितली तशी.’ आणि कशी करते तेही सांगितलं.

सुलक्षणाबाईंना आधी काही उमजेना. मग राजसने फोनवर शोधलं. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. भांडण नाही, अर्ज नाही, दाद मागणं नाही. तेच ते, परत, परत. सुलक्षणाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, आणि हसता हसता गंभीर झाल्या. ‘राजस, तो कागद ठेव घडी करून,’ त्या म्हणाल्या. ‘तक्रारीचा खरा अर्थ हाच असेल. आपल्याकडे येता येता वाटेत सांडला.’

तकरारीच्या बाराव्या दिवशी फोन डॉनलने उचलला. इतकी वर्षं जो आवाज रेडिओतून यायचा, तो कानात ‘हॅलो’ म्हणाला आणि सुआदचा पहिला शब्द चुकला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

‘हे माझ्यासारखं वाचताय तुम्ही,’ तो म्हणाला.

‘तुमच्याकडूनच शिकले. सतरा वर्षं.’

‘माझ्या आईचा सेट जॅकने दुरुस्त केला होता. मला कुणी सांगितलंच नाही, की तो गेला,’ डॉनल म्हणाला. ‘पण मिसेस कासिम, अंडरटेकर कोण होता, ते मला लिहावं लागतं.’

‘अंडरटेकर म्हणजे कोण? ज्याने पुरायची जबाबदारी घेतली तो ना? ती मी घेतली. माझं नाव लिहा. सुआद.’

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला नाव आलं. सुलक्षणाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि शिऱ्याचं भांडं घेऊन धावत आल्या. बघतात तर सुआद स्वयंपाकघरात उभी, रागाने रेडिओ बंद करत. डॉनलच्या हातात ओर्लाने टाइप केलेला कागद दिला होता, आणि त्याने तो तसाच वाचला होता: ‘जब्बार कासिम, बसरा, इराक. त्यांच्या कुटुंबीयांना आमची सहानुभूती.’

‘आलं ना नाव?’ सुलक्षणाबाई चाचरत म्हणाल्या.

‘गाव कुठे आहे?’ सुआद म्हणाली. ‘नावापुढे गाव असतं. बसऱ्याला माहीतसुद्धा नाही, तो मेला ते. बसऱ्याने त्याला हाकलला. पेट्या त्याने इथे उचलल्या, म्हातारा इथे झाला, मेला इथे, माती इथली. आणि ही लोकं त्याला मेल्यावर परत पाठवतात? जिवंतपणी पाठवायची यांची हिंमत नव्हती, आता पाठवतात?’

सुलक्षणाबाईंनी शिरा ओट्यावर ठेवला. त्यांनाही एकदम काहीतरी लागलं असावं, कारण त्या खुर्चीत बसल्या. आपल्या नावापुढे इथे कुणी काय वाचेल, हा विचार त्यांनी आजवर केला नव्हता.

सुआदने फोन लावला. ओर्लाच होती. ‘वाचलं ना आज, सुआद,’ ती दमलेल्या आवाजात म्हणाली. ‘आता काय राहिलं?’

‘रिंगास्किडी राहिलं,’ सुआद म्हणाली, आणि पहिल्यापासून मजकूर म्हणायला लागली.

चौदाव्या दिवशी सकाळी डॉनलने तीन नावं वाचली. तिसऱ्यानंतर नेहमीपेक्षा जास्त थांबला. कागद घडी केल्याचा आवाज रेडिओवर आला. मग त्याने कागदाशिवाय म्हटलं, ‘जब्बार कासिम, रिंगास्किडी, आणि पूर्वी बसरा. जॅक द वायरलेस म्हणून सर्वांच्या ओळखीचा. सुआदचा प्रिय नवरा, हैदरचा बाप. दफन झालं आहे. ही सूचना आम्ही दोन आठवड्यांहून जास्त उशिरा वाचतो आहोत, हा दोष आमचा. हाउस नॉट प्रायव्हेट.’ एक शब्द इकडचा तिकडे नाही. मधलं एक वाक्य तेवढं त्याचं स्वतःचं.

सुआदने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. तिने ते हैदरला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही.

दुपारी तीनपासून माणसं यायला लागली. पाचला रांग दारातून बाहेर गेली आणि उताराने थेट बंदराच्या रस्त्यापर्यंत पोचली. पाऊस पडत होता, कुणी हलत नव्हतं. मिसेस टूमी सगळ्यांत आधी आल्या आणि न विचारता पेले विसळायला लागल्या. चाळीस पेले पुरेनात, सुलक्षणाबाईंनी घरचे चहाचे कप आणले आणि राजसला कॉफीच्या भांड्यापाशी उभं केलं. प्रत्येक जण सुआदचा हात धरून तेच म्हणे, सॉरी फॉर युअर ट्रबल, आणि मग आपापल्या रेडिओची गोष्ट सांगे. कुणाचा किती सालचा, कशाने बंद पडला होता, जॅकने काय केलं. जब्बार सतरा वर्षांत जितकं बोलला नसेल, तितकं त्या संध्याकाळी त्याच्याबद्दल बोललं गेलं. सुआद प्रत्येकाला थँक यू म्हणत होती आणि क्लेचा पुढे करत होती.

रांगेच्या शेवटाकडे ओर्ला होती. हातात फुलं, केस पावसाने चिकटलेले. पाऊण तास उभी होती, हे सुआदने पाहिलं होतं. जवळ येऊन तिने सुआदचा हात हातात घेतला आणि खाली बघत म्हणाली, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल, सुआद.’

सुआदने हात सोडला नाही.

‘मी इथे नवीन होते, तेव्हा मला या वाक्याचा चुकीचा अर्थ कळला होता,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, आपण दिलेल्या त्रासाची लोक माफी मागतात. आज सगळ्यांकडून मी बरोबर अर्थ घेतला. तुझ्याकडून चुकीचा घेते.’

ओर्लाने वर पाहिलं. सुआदने माफ केलं असं म्हटलं नाही. तिने रिकामी खुर्ची दाखवली आणि राजसला एक कडू कॉफी द्यायला सांगितलं.